आईचा हात ओळखा

काउंटरवरच्या पोरीनं काही न विचारताच रुईछिनचं मनगट पुढे ओढलं आणि त्यावर गुलाबी कागदी पट्टी गुंडाळून चिकटवून टाकली. "गुलाबी आईला, निळी बाबांना, पिवळी लेकराला. पट्टी असेल तरच खेळांना सोडतात," ती पाठ केल्यासारखं म्हणाली. मग मान वर करून तिनं थाओथाओकडे आणि रुईछिनकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मनापासून हसली. "सकाळपासून एवढी बिऱ्हाडं आली, पण अशी छापून काढलेली मायलेकींची जोडी नाही बाई पाहिली." थाओथाओ फिदीफिदी हसायला लागली. "अहो, या माझ्या काकू. आई ती, तिकडे बॅग ओढतेय ती." पोर ओशाळली. तिनं घाईघाईनं पट्टी ओढली, ती निघेना, मग कात्री शोधली, आणि सारवासारव करत म्हणाली, "काकू म्हणजे तरी कोण, घरचंच रक्त. चेहरा येणारच." रांगेतल्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. रुईछिनच्या मनात मात्र आलं: चेहरा काकाचा येईल, आजीचा येईल; काकू तर लग्न होऊन परक्या घरातून आलेली, तिचा चेहरा पुतणीला कुठून येणार? एवढा साधा हिशेब कुणी केला नाही. केला फक्त तिच्या जावेनं. सूमेइचा बॅगेवरचा हात थबकला होता, आणि ती दाराबाहेरच्या फवाऱ्याकडे असं पाहत होती की जणू उभ्या जन्मात तिनं पाणी पाहिलं नव्हतं.

हॉटेल फक्त लेकुरवाळ्यांसाठीच बांधलेलं होतं. लॉबीत घसरगुंडी, जेवणघरात गुडघ्याएवढ्या खुर्च्या, आणि दोन्ही कुटुंबांना मिळून घेतलेल्या जोडखोलीत पोरांसाठी जहाजाच्या आकाराचा पलंग. जहाजावर चढून थाओथाओनं लगेच हुकूम सोडले: बाबा खलाशी, आई कप्तान, काका आचारी. "आणि काकू?" रुईछिनच्या नवऱ्यानं, क्वोदोंगनं विचारलं. थाओथाओनं क्षणभर विचार केला. "काकू बंदरावर. कुणीतरी हात हलवायला पाहिजे ना." सगळे हसले. रुईछिनही हसली आणि तिनं खरोखरच हात हलवला. मनगटावर पट्टीचा लाल वळ अजून होता. रुईछिन उशी सारखी करायला लागली. ती तशीही कुठं गेली की आधी उशा सारख्या करते. सूत गिरणीत वीस-बावीस वर्षं तुटलेले धागे सांधून बोटांना रिकामं राहवत नाही. सूमेइचे हात वेगळे. सूमेइ शाळेत पेटी शिकवते. तिचे हात मांडीवर ठेवले की तिथंच राहतात.

जेवताना वाढपी पोऱ्यानं सगळ्यांच्या पेल्यांत भाजलेल्या जवाचा चहा ओतला आणि रुईछिननं आपला पेला दूर सारला. तो वास तिला कुठंही गाठतो, आणि या देशात तो कुठं नसतो? दहा वर्षांपूर्वी आईच्या गावी मातीच्या उबदार ओट्यावर तिचं बाळंतपण झालं होतं. थोरला मुलगा, आता परीक्षेसाठी घरीच राहिलेला, तेव्हा नुकताच शाळेत जायला लागला होता. क्वोदोंग रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सरकारी नोकर. दुसरं मूल म्हणजे नोकरी गेली, घर गेलं, थोरल्याची शाळा गेली. हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, गावागावांतल्या भिंतींवर लाल रंगात लिहिलेलंच होतं. पोट कळलं तेव्हा उशीर झाला होता. तिनं आजारपणाची रजा काढली, आणि थोरल्या दिराच्या घरी मूल नव्हतं. दोन वाक्यं एकापुढे एक ठेवली की तिसरं आपोआप होतं. सासूबाईंनी ते तिसरं वाक्य उच्चारलंसुद्धा नाही, फक्त म्हणाल्या, "घरातल्या घरात आहे, रुईछिन. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात." बाळाला महिना भरला त्या दिवशी तिकडे थोरल्या दिराच्या घरी शुभाची लाल रंगवलेली अंडी वाटली, पाहुण्यांनी सूमेइचं अभिनंदन केलं, आणि रुईछिन इकडे आईच्या घरी आतल्या खोलीत मोड आणून भाजलेल्या जवाचं पाणी वाटी-वाटीनं पीत बसली. दूध आटायला तेच देतात. आई वाटी भरून द्यायची आणि तोंड फिरवून उभी राहायची. दूध आटलं. लवकर आटलं, गुणाचं होतं. आता समोर थाओथाओ दोन्ही हातांनी पेला धरून तोच चहा पीत होती आणि म्हणत होती, "काकू, तुम्ही का नाही घेत? छान लागतो." "मला पचत नाही, राणी," रुईछिन म्हणाली. क्वोदोंगनं तिचा पेला उचलला आणि स्वतः पिऊन टाकला.

दुपारी शहराच्या जुन्या तटबंदीवर गेले. शीआनच्या तटावर भाड्यानं सायकली मिळतात, आणि दोन्ही भावांना एकदम तारुण्य आठवलं. क्वोदोंगला सायकल धड येत नाही. थोरल्या भावानं "अरे, इंजिनं दुरुस्त करतोस आणि हँडल सरळ धरता येत नाही" म्हणून त्याला चिडवलं, आणि थाओथाओ दोघांच्या मधून ओरडत पुढे निघाली. जावा-जावा मागून चालत राहिल्या. पायाखाली विटा तापल्या होत्या. खाली शहर पसरलेलं, आणि एका जुन्या चाळीच्या भिंतीवर नवा लाल मजकूर दिसत होता: दुसरं मूल आणा, देशाचा आधार व्हा. खालचं जुनं वाक्य नीट पुसलं गेलं नव्हतं, त्यातला 'एक' अजून रंगातून वर आला होता. यंदा नव्या वर्षापासून दोन मुलांना मोकळीक झाली. गिरणीत त्या दिवशी बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या होत्या, "काय ग, पुन्हा करतेस का मशीन सुरू?" रुईछिनही हसली होती, आणि मग संडासात जाऊन नळ सोडून रडली होती. कायद्यावर रडावं असं कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. पण तिला राग आला होता तो उशिराचा. तिची पोर या मोकळिकीआधी जन्मली एवढाच काय तो गुन्हा.

"यंदा दहा पूर्ण," सूमेइ एकदम म्हणाली. तिनं डोक्यावरची छत्री दोघींच्या मधे घेतली. "आपलं बोलणं झालं होतं, रुईछिन. दहा झाली की सांगायचं. मी विसरले नाही."

"मला कुठं वाटलं तुम्ही विसरलात म्हणून, वहिनी."

"तसं नाही. मला विसरायचं होतं, ते सांगतेय." सूमेइचा आवाज शाळेतल्यासारखा सरळ होता. "गेलं वर्षभर मी रोज ठरवते, आज सांगावं. पोरगी शाळेतून येते, बूट भिरकावते, 'आई भूक' म्हणते, की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून ही सहल काढली. तुझ्या भावोजींना वाटतं वाढदिवस म्हणून. उद्या संध्याकाळपर्यंत तू मला सांग. सांगा म्हणालीस तर इथंच सांगेन, तुझ्यासमोर, हातचं काही न राखता. नको म्हणालीस तर... तर मग कधीच नको. मला हे वर्षावर्षानं नाही जमायचं. माझ्यात तेवढा जीव नाही."

रुईछिनला तिचा राग यायला हवा होता. दहा वर्षं तिनं तो राग चुलीतल्या निखाऱ्यासारखा राखेखाली जपून ठेवला होता, लागेल तेव्हा असावा म्हणून. पण सूमेइचा चेहरा घामानं आणि काळजीनं इतका ओघळला होता की तिला बाईची कीवच आली. तापात रात्र-रात्र हिनंच काढली, दुधाचे दात हिनंच छपरावर फेकले, पाढे हिनंच घोकून घेतले. आणि आपण? आपण वसंताच्या सणाला स्वेटर विणून नेतो. दर वर्षी माप चुकतं, दर वर्षी पोरगी आपल्या अंदाजापेक्षा बोटभर मोठी निघते. "उद्या सांगते," ती म्हणाली. समोरून थाओथाओ सायकल वळवून दोघींच्या अंगावरच आली, आणि दोघींनी एकाच वेळी हँडल धरलं.

संध्याकाळी तिनं क्वोदोंगला गाठलं. तो खोलीत थाओथाओसाठी पीच सोलत बसला होता, सालीचं एक लांब वेटोळं न तुटू देता. दहा वर्षांत त्यानं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवलेला रुईछिननं पाहिला नाही. भेटली की तो फक्त काहीतरी सोलतो. शेंगदाणे, संत्री, सूर्यफुलाच्या बिया. "वहिनींनी विचारलंय," ती म्हणाली. तो सोलत राहिला. "मला विचारू नको," तो शेवटी म्हणाला. "नोकरी माझी होती. त्या नोकरीसाठी झालं ते झालं. आता मी कुठल्या तोंडानं हो म्हणू, आणि कुठल्या तोंडानं नको म्हणू?" साल तुटली. त्यानं दोन्ही तुकडे उचलून मुठीत धरले आणि केर कुठं टाकायचा तेच त्याला सुचेना.

दुसऱ्या दिवशी मातीचे सैनिक पाहिले. हजारो माणसं मातीच्या हजारो माणसांना पाहायला लोटली होती. खड्ड्याच्या कठड्याशी गाईड कर्ण्यातून सांगत होती, की एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही, आणि ज्या कारागिरानं जो पुतळा घडवला त्याचं नाव त्यावर कुठंतरी कोरलेलं सापडतं; काम कच्चं निघालं तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. "म्हणजे शाबासकीसाठी नाही?" थाओथाओनं विचारलं. "शाबासकी कसली, फटके," तिचे बाबा म्हणाले. थाओथाओ कठड्यावर ओणवी झाली होती, केस वर बांधलेले, आणि मानेवर, केस संपतात तिथं, रुईछिनच्या आईच्या मानेवर होता तसला उलटा भोवरा होता. रुईछिनच्या मानेवरही आहे. माणसाला स्वतःची मान दिसत नाही, थाओथाओलाही कधी दिसायची नाही. गर्दीच्या रेट्यात रुईछिन तिच्या अगदी मागे उभी राहिली आणि तो भोवरा पाहत राहिली. सांगा म्हणायचं, तिनं ठरवलं. मग बसमध्ये बसेपर्यंत वाटलं, नको म्हणायचं. थाओथाओ सूमेइच्या खांद्यावर डोकं ठेवून तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि तिची लाळ सूमेइच्या रेशमी बाहीवर सांडत होती. सूमेइनं बाही काढून घेतली नाही. मग पुन्हा वाटलं, सांगा म्हणायचं. का नाही? जगात प्रत्येकाला आपल्या आईचं नाव माहीत असतं. मातीच्या पुतळ्यालासुद्धा.

परत आल्यावर लॉबीत फळा लावलेला दिसला: आजचा खेळ, आईचा हात ओळखा. डोक्याला सशाचे कान लावलेली एक दणकट बाई माइकवर ओरडत होती, "लेकरांचे डोळे बांधणार, आया नुसता हात पुढे करणार, तोंडातून चकार शब्द नाही! आणि काकू, मावश्या, आत्या, सगळ्यांनी या हं, पट्टी नसली तरी चालेल. पोरांना चकवायला जास्तीचे हात पाहिजेत!" थाओथाओनं रुईछिनचा दंड धरला. "काकू, तुम्ही पण या. मी चकणार नाही, बघाच."

त्या वेळी रुईछिनच्या मनात जे आलं ते तिला कुणाला सांगता आलं नसतं. तिनं कौल लावला. पोरीनं माझा हात आई म्हणून धरला, तर सांगा म्हणायचं. नाही धरला, तर नको. एवढं सोपं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं, कारण आता ठरवणारी ती नव्हती. आणि मग ती खोलीत गेली, न्हाणीघराचं दार लावलं, आणि गरम पाण्याचा नळ सोडून दोन्ही हात त्यात धरून बसली. गिरणीतले हात. बोटांच्या कडांना धाग्यानं पडलेले घट्टे, चामड्यासारखे. ते फुगून मऊ होईपर्यंत तिनं धरले, बोटं सुरकुतली तरी धरले. मनगटावरचं घड्याळ काढलं. अंगठी निघेना, ती साबण लावून काढली. मग आरशाखालच्या फळीवर सूमेइची हाताला लावायची क्रीम होती, तिची डबी उघडली. बकुळीसारखा गोड वास होता, थाओथाओला लहानपणापासून कुशीत घेताना येत असणार तो. रुईछिननं ती तळहाताला लावली, पंजाला लावली, बोटांच्या बेचक्यांत लावली. देवाला कौल लावायचा आणि वर फुलाला गोंद लावायचा, तसला हा प्रकार होता, हे तिला कळत होतं. आरशात पाहायचं तिनं टाळलं.

आया ओळीनं उभ्या राहिल्या. सूमेइ टोकाला, रुईछिन तिच्या आधी तीन-चार जणी सोडून. कुणाच्या बांगड्या काढलेल्या, कुणी हसू दाबत. सूमेइनं तिच्याकडे पाहिलं, मग हवेत वास घेतल्यासारखं केलं, आणि मान समोर वळवली. तिला कळलं होतं. ती काही बोलली नाही, हे रुईछिन पुढे आयुष्यभर विसरणार नव्हती. थाओथाओचे डोळे लाल फडक्यानं बांधले आणि सशाच्या कानांच्या बाईनं तिला तीन गिरक्या दिल्या. पोर चाचपडत आली. पहिला हात धरला, सोडला. दुसरा धरला, नाक मुरडलं, लोक हसले. तिसऱ्या बाईला म्हणाली, "एवढी नखं माझी आई ठेवूच देणार नाही, तिला स्वतःलासुद्धा." मग ती रुईछिनसमोर आली. गरम, घामेजलेली, पीच खाऊन चिकट झालेली बोटं रुईछिनच्या तळहातावर आली. थांबली. नाक खाली आलं, पोरीनं वास घेतला, आणि तिच्या तोंडावर ओळखीचं हसू पसरायला लागलं. ओठ उघडले. दहा वर्षांपूर्वीच्या त्या ओट्यावर एकदा, फक्त एकदा, ही बोटं तिच्या बोटाभोवती अशीच मिटली होती. नुसता हात पुढे करायचा असं ठरलं होतं, पण रुईछिनची बोटं आपसूक मिटली.

हसू तिथंच थांबलं. थाओथाओनं डोकं एका बाजूला कलवलं, कान देऊन ऐकावं तसं. मग ती मोठ्यानं म्हणाली, "काकू! तुम्ही आईची क्रीम लावलीत! ही लबाडी आहे!" लॉबीत एकच हशा उसळला, सशाच्या कानांच्या बाईनं माइकवर "काकू पकडल्या गेल्या" म्हणून आरोळी ठोकली, आणि थाओथाओ हात सोडवून पुढे गेली. सोडवून घ्यावा लागला तिला. शेवटच्या हाताशी ती पोचली, तिनं तो नीट धरलासुद्धा नाही, नुसता बोट लावून म्हणाली, "ही आई," आणि फडकं न काढताच सूमेइच्या पोटात डोकं खुपसलं. बक्षीस म्हणून मातीचा छोटा सैनिक मिळाला. थोरला दीर टाळ्या वाजवत होता. क्वोदोंग खांबाआड उभा होता आणि रिकाम्या हातांनी काहीतरी सोलत होता.

घंटाघराकडे जेवायला निघाले तेव्हा थाओथाओ सैनिक छातीशी धरून रुईछिनच्या बाजूनं चालत होती. "कसं ग ओळखलंस?" रुईछिननं विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

"आधी फसलेच होते, काकू. खरंच. वास आईचा, हात पण मऊ. म्हणणारच होते आई." थाओथाओनं सैनिकाची मान पुसली. "पण तुम्ही धरलात ना."

"नियम मोडला म्हणून?"

"तसं नाही. आई धरत नाही. आईचा हात नुसता असतो, मीच तिला धरते. तुम्ही असं घट्ट धरता, नेहमीच. आमच्या घरून निघताना, सणाला आलात की, रस्ता ओलांडताना पण." तिनं शब्द शोधला. "गाडी सुटायच्या वेळी लोक धरतात ना, खिडकीतून, तसं." आणि मग पोरीला आपलं काही चुकलं की काय असं वाटलं असावं. ती घाईनं म्हणाली, "मला आवडतं तसं. फक्त दुखतं थोडं."

रुईछिन चालत राहिली. आजूबाजूला दिवे लागत होते, हातगाडीवर डाळिंबं पिळत होते, जिऱ्याचा आणि भाजलेल्या मांसाचा धूर नाकात जात होता. पोरीनं तिला ओळखलं होतं. चुकून नाही, वासावरून नाही. अगदी बरोबर ओळखलं होतं, हजार हातांतून ओळखलं असतं. जे ओळखायचं होतं ते सोडून बाकी सगळं ओळखलं होतं. आणि सांगितलं तर? तर ही उद्यापासून हात सैल सोडायला विसरेल. सूमेइचा हात धरतानाही हिला वाटेल की गाडी सुटतेय. ज्या हाताला नुसतं बोट लावून 'ही आई' म्हणता येतं, तो हात हिच्या आयुष्यातून जाईल, आणि त्याच्या जागी दोन्हीकडून घट्ट धरणारे, दुखवणारे हात येतील. रुईछिनला तो हात ठाऊक होता. तो एकट्या माणसानं वागवावा एवढाच बरा.

रस्त्याच्या कडेला सिग्नलसाठी सगळे थांबले. सूमेइ मुद्दाम मागे रेंगाळली होती. तिनं रुईछिनकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"नको, वहिनी," रुईछिन म्हणाली. "सांगू नका."

"आत्ता नको, की..."

"कधीच नको."

सूमेइनं तोंडावर हात धरला. सुटल्याचा आनंद तिला झाला असेल, पण तो तिच्या चेहऱ्यावर कुठं दिसला नाही. ती रस्त्यातच रडायला लागली, नाक ओढत, लहान पोरीसारखी. "मी तुझी जन्मभर..." एवढंच म्हणाली. "पुरे. पोर बघेल," रुईछिन म्हणाली आणि आपला रुमाल तिला दिला. रुमालालाही बकुळीचा वास लागला होता.

दिवा हिरवा झाला. थाओथाओनं सवयीनं हात पुढे केला. सैनिक एका हातात, दुसरा काकूसाठी. रुईछिननं तो धरला. बोटं मिटायला लागली, तशी तिनं ती उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. तुटलेला धागा दोन बोटांत धरतात तेवढाच, ताण न देता, तिनं तो हात धरला. बाजूनं बस गेली, स्कूटर गेल्या, कुणीतरी हॉर्न दिला. "काकू, आता बघा कसा बरोबर धरलात," थाओथाओ म्हणाली. पलीकडच्या फुटपाथवर पाऊल टाकताच पोरीनं हात काढून घेतला आणि आई-बाबांच्या मधे शिरायला ती पुढे पळाली. हात कधी सुटला ते रुईछिनला कळलंच नाही.